परकीय युद्ध आणि लोकांची ऐक्यभावना : चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकाच्या (१९३८-१९४३) संदर्भात खानदेश व महाराष्ट्राचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

जुलै १९३८ च्या ७, ८ आणि ९ तारखांना भारतात 'चीन निधी दिन' पाळण्यात आले. जपानच्या आक्रमणाला तोंड देणाऱ्या चीनमध्ये डॉक्टर, औषधे व रुग्णवाहिका पाठविण्यासाठी या निमित्ताने सुमारे बावीस हजार रुपये जमा झाले. ज्या देशाला स्वतःचे सैन्य, स्वतःचे परराष्ट्रखाते आणि स्वतःचे सरकार नव्हते, त्या देशातील सामान्य माणसांनी दुसऱ्या देशाच्या युद्धासाठी वर्गणी द्यावी ही घटना सहज घडणारी नाही. चीनमधील लोकांची भाषा, धर्म वा वेश यांचा खानदेशातील किंवा सोलापुरातील माणसाशी काही संबंध नव्हता. असे असताना ही आपुलकी कशातून निर्माण झाली, ती कोठपर्यंत पोहोचली आणि कोठे थांबली, हा इतिहासाच्या अभ्यासकांपुढील महत्त्वाचा प्रश्न आहे.

परकीय राष्ट्राच्या दुःखाची वार्ता कानावर आली म्हणजे लोक आपोआप त्याच्या बाजूने उभे राहतात, असा एक समज आढळतो. इतिहास या समजाला दुजोरा देत नाही. एकाच काळात, एकाच वृत्तपत्रात आलेल्या दोन युद्धांपैकी एकाविषयी लोक हळहळतात व दुसऱ्याविषयी उदासीन राहतात. म्हणूनच वार्ता आणि ऐक्यभाव यांच्या मधल्या दुव्यांचा शोध घेणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात 'ऐक्यभाव' ही संज्ञा केवळ सहानुभूती या अर्थाने वापरलेली नसून, सहानुभूतीतून घडलेली प्रत्यक्ष कृती असा तिचा अर्थ घेतलेला आहे.

उद्दिष्टे व व्याप्ती

१) चीनविषयीची ऐक्यभावना महाराष्ट्रात व विशेषतः खानदेशात कोणत्या मार्गांनी पोहोचली याचा मागोवा घेणे. २) या भावनेला बळ देणारे व मर्यादा घालणारे घटक स्पष्ट करणे. ३) तुर्कस्तान, पोलंड व बांगलादेश यांच्या संदर्भातील अनुभवांशी तिची तुलना करणे. अभ्यासाचा मुख्य कालखंड १९३६ ते १९४३ असा आहे. आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. अभ्यासकाळात हा प्रदेश पश्चिम खानदेश जिल्ह्याचा भाग होता.

जपानच्या आकर्षणाकडून चीनच्या आपुलकीकडे

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील सुशिक्षितांची सहानुभूती जपानकडे होती. १९०५ मध्ये जपानने रशियाचा पराभव केला तेव्हा 'केसरी'सह मराठी पत्रांनी आशियाई राष्ट्राच्या या विजयाचे स्वागत केले. युरोपीय सत्ता अजिंक्य नाही, हा धडा त्या विजयातून मिळाला होता. चीनशी असलेला मुंबईचा संबंध मात्र मुख्यतः व्यापाराचा होता. माळव्याची अफू व पश्चिम भारताचा कापूस मुंबई बंदरातून चीनकडे जात असे. पुढे ब्रिटिशांनी आपल्या हितसंबंधांच्या रक्षणासाठी हिंदी शिपायांचा चीनमध्ये वारंवार वापर केला.

या दृष्टीत १९२७ पासून बदल दिसू लागतो. त्या वर्षी फेब्रुवारीत ब्रुसेल्स येथे भरलेल्या साम्राज्यवादविरोधी परिषदेला पंडित जवाहरलाल नेहरू उपस्थित होते व तेथे चिनी प्रतिनिधींशी त्यांचा संपर्क आला. त्याच वर्षी शांघायला हिंदी सैन्य पाठविण्यात आले असता राष्ट्रीय सभेने त्यास विरोध दर्शविला. आपल्याच शिपायांच्या हातून दुसऱ्या परतंत्र जनतेवर गोळी झाडली जाते, ही जाणीव त्यामागे होती. ऐक्यभावाचा पहिला आधार येथे सापडतो. परका देश जेव्हा आपल्याच प्रश्नाचे दुसरे रूप म्हणून दिसू लागतो, तेव्हा त्याचे परकेपण कमी होते.

जपानविषयीचे आकर्षण मात्र एका दिवसात संपले नाही. १९३८ मध्ये जपानी कवी योने नोगुची यांनी चीनवरील युद्धाचे समर्थन करणारे पत्र रवींद्रनाथ टागोरांना लिहिले आणि टागोरांनी ते समर्थन ठामपणे नाकारले. 'आशिया आशियाई लोकांसाठी' या घोषणेचा आधार घेऊन आशियातीलच एका राष्ट्राने दुसऱ्यावर स्वारी करावी, हे त्यांना मान्य नव्हते. दुसरीकडे, परराष्ट्रधोरण कोणत्याही वादावर नव्हे तर केवळ राष्ट्रहितावर आधारलेले असावे, अशी भूमिका हिंदू महासभेचे अध्यक्ष या नात्याने वि. दा. सावरकर मांडत होते. याचा अर्थ असा की, चीनची बाजू घेणे ही त्या काळी सर्वमान्य गोष्ट नव्हती. ती वादविवादातून घडलेली निवड होती.

तापीकाठची दोन अधिवेशने

या निवडीच्या प्रसाराच्या दृष्टीने खानदेशाचे स्थान लक्षणीय आहे. राष्ट्रीय सभेचे ग्रामीण भागात भरलेले पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथे झाले. त्यानंतरचे अधिवेशन फेब्रुवारी १९३८ मध्ये सुरत जिल्ह्यातील हरिपुरा येथे, तापी नदीच्या काठी भरले. ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग सुरतेकडून बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर असा जळगावकडे जातो. म्हणजेच सलग दोन अधिवेशने या एकाच लोहमार्गाच्या दोन टोकांच्या परिसरात झाली आणि नंदुरबार त्यांच्या मधोमध होते.

फैजपूरच्या अध्यक्षीय भाषणात नेहरूंनी अबिसीनिया व स्पेन येथील घटनांचा विस्ताराने परामर्श घेतला. त्याच अधिवेशनात शेतसारा, खंड व कर्जबाजारीपणा यांसंबंधीचा शेतीविषयक कार्यक्रमही स्वीकारण्यात आला. स्पेनमधील यादवी आणि खानदेशातील शेतकऱ्याचे कर्ज एकाच मांडवात चर्चिले जाणे ही केवळ योगायोगाची बाब नव्हती. जागतिक प्रश्न व स्थानिक प्रश्न एकाच साखळीच्या कड्या आहेत, अशी ती मांडणी होती. या अधिवेशनाच्या यशासाठी साने गुरुजींनी खानदेशात अपार परिश्रम घेतले, हे सर्वश्रुत आहे. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' हे साप्ताहिक सुरू केले. राष्ट्रीय सभेचा विचार मराठीतून खेड्यापर्यंत नेणारे एक स्थानिक साधन त्यामुळे उपलब्ध झाले.

हरिपुरा येथे सुभाषचंद्र बोस अध्यक्ष होते. तेथे चीनविषयी स्वतंत्र ठराव संमत झाला. चिनी जनतेविषयी सहानुभूती व्यक्त करून भारतीयांनी जपानी माल खरेदी करू नये, असे आवाहन त्यात होते. मुंबई प्रांतात जुलै १९३७ पासून बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर असल्याने सभा, मिरवणुका व निधिसंकलन यांना पूर्वीइतका अडथळा राहिला नव्हता. अशा प्रकारे विचार, संघटना, दळणवळण व मोकळीक हे चारही घटक १९३८ च्या आरंभी एकत्र आलेले दिसतात.

सहानुभूतीचे कार्यात रूपांतर

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळील मार्को पोलो पुलापाशी चकमक होऊन चीन-जपान युद्धास तोंड फुटले. त्या डिसेंबरात नानकिंग पडले व तेथील भीषण कत्तलीच्या वार्ता जगभर पसरल्या. तथापि भारतातील प्रतिसादाला निश्चित रूप आले ते एका पत्रामुळे. चिनी आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी नोव्हेंबर १९३७ मध्ये नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्याची मागणी केली. डॉक्टर, शस्त्रक्रियेची साधने, औषधे अशा मोजता येण्याजोग्या गोष्टी त्यांनी मागितल्या होत्या.

'चीनला मदत करा' ही हाक अस्पष्ट असते. 'एक रुग्णवाहिका व पाच डॉक्टर पाठवावयाचे आहेत' ही हाक मात्र प्रत्येकाला कळते. या हाकेत वर्गणीदाराला आपला आणा कोठे जाणार आहे हे दिसते. ३० जून १९३८ रोजी सुभाषबाबूंनी वृत्तपत्रांतून आवाहन केले आणि आठवड्याभरातच निधी दिनांना प्रारंभ झाला. असहकार व सविनय कायदेभंगाच्या चळवळींनी वर्गणी, फेरी व सभा यांची सवय लोकांना लावलेलीच होती. ओळखीच्या साधनांनी अनोळखी देशाला मदत करता आली, हे या मोहिमेचे मर्म होय.

पथकात पाच डॉक्टर होते : अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल, नागपूरचे डॉ. मो. रा. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी. पथकप्रमुख डॉ. अटल यांनी यापूर्वी स्पेनमधील यादवी युद्धात वैद्यकीय सेवा केलेली होती. पाचांपैकी दोघे आजच्या महाराष्ट्रातील होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबई सोडली व त्याच महिन्यात ते कॅन्टनला पोहोचले. चीनमध्ये पाचही जणांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येक नावात चीन या अर्थाचा 'हुआ' हा शब्द होता. कोटणीस 'के दिहुआ' झाले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले.

चोळकर व मुखर्जी १९३९ मध्ये परतले, अटल १९४० मध्ये. बसू १९४३ पर्यंत राहिले. कोटणीस परतले नाहीत. जानेवारी १९४१ मध्ये त्यांची बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून नियुक्ती झाली. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव 'यिनहुआ', म्हणजे भारत-चीन, असे ठेवण्यात आले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या विकाराने कोटणीसांचे निधन झाले.

कापूस, कापड आणि बहिष्कार

निधीच्या तुलनेत हरिपुरा ठरावातील दुसरे आवाहन, म्हणजे जपानी मालावरील बहिष्कार, अधिक गुंतागुंतीचे होते. स्वदेशीच्या परंपरेमुळे बहिष्कार हे शस्त्र लोकांच्या परिचयाचे होते. मुंबईच्या गिरणीमालकांनाही जपानी कापडाची स्पर्धा नकोच होती. परंतु कापूस पिकविणाऱ्याचे हित वेगळे होते. जपान हा आखूड धाग्याच्या हिंदी कापसाचा मोठा ग्राहक होता. १९३३ मध्ये भारत सरकारने जपानी कापडावरील जकात वाढविली, तेव्हा जपानी गिरण्यांनी हिंदी कापसाची खरेदी थांबवून त्यास उत्तर दिले. त्यानंतर १९३४ मध्ये झालेल्या करारात कापूस व कापड यांची सांगड घालण्यात आली. जपानने दहा लाख गाठी कापूस घेतल्यास त्याला ३२.५ कोटी यार्ड कापड भारतात पाठविता येई व पंधरा लाख गाठी घेतल्यास ही मर्यादा ४० कोटी यार्डांपर्यंत जाई.

या कराराचा अर्थ कापूस उत्पादक प्रदेशासाठी स्पष्ट होता. जपानी कापड कमी आले, तर जपानला जाणारा कापूसही कमी होणार. खानदेशासारख्या कापसावर जगणाऱ्या भागात चीनच्या नावाने बहिष्कार पुकारणे म्हणजे मंदीने आधीच खालावलेल्या भावाशी खेळणे होते. गिरणीमालकाची सहानुभूती आणि त्याचा नफा एकाच दिशेने जात होते. कापूस उत्पादकाची सहानुभूती व त्याची मिळकत परस्परविरुद्ध दिशांना जात होती. जपानशी होणारा व्यापार जनतेच्या बहिष्काराने बंद पडला नाही. १९४१ च्या जुलैमध्ये ब्रिटिश साम्राज्याने जपानी मालमत्ता गोठविल्यावर तो खऱ्या अर्थाने थांबला. यावरून असे दिसते की, एकदाच द्यावयाची वर्गणी समाज सहज देतो. दर हंगामाला सोसावे लागणारे नुकसान केवळ भावनेच्या बळावर सोसले जात नाही. अशा नुकसानीची वाटणी कशी करावी याची योजना नसेल, तर सर्वांत दुर्बल घटकावर तिचा भार पडतो.

सातपुड्याचा पायथा : ऐक्यभावाच्या कक्षा

ज्या काळात बाजारपेठेच्या गावी चीनसाठी सभा भरत होत्या, त्याच काळात तळोदा परिसरात संत गुलाम महाराजांच्या आप धर्माच्या चळवळीने आदिवासी समाज मोठ्या संख्येने एकत्र येत होता. १९३७-३८ या वर्षांत आरतीच्या निमित्ताने जमणाऱ्या या समुदायापुढे दारूबंदी, शुचिता व परस्परांविषयी आदर हे विषय होते. सावकारी, वेठ व जंगलखात्याचा जाच सोसणाऱ्या समाजाला या चळवळीने आत्मसन्मान दिला.

या दोन घटनांना परस्परविरोधी मानणे योग्य होणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी एकत्र येण्याची शक्ती कमी नव्हती. मात्र चीनविषयीची हाक ज्या मार्गाने प्रवास करीत होती तो मार्ग रेल्वे, टपाल, वृत्तपत्र व समितीचे कार्यालय यांचा होता. लिपी जाणणाऱ्या व बाजारपेठेशी जोडलेल्या वर्गापर्यंत तो सुलभपणे जाई. भिल्ली, पावरी, मावची या बोलीतून ती हाक दिली गेली, तरच ती डोंगरात पोहोचली असती. तेव्हा एखाद्या समाजाचा प्रतिसाद मोजताना त्याच्या मनाचा मोठेपणा मोजण्यापूर्वी त्याच्यापर्यंत काय व कोणत्या भाषेत पोहोचले हे तपासणे अगत्याचे आहे.

१९४२ : दोन निष्ठांचा पेच

डिसेंबर १९४१ मध्ये जपान ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरला आणि ऐक्यभावापुढे नवा पेच उभा राहिला. चीन आता ब्रिटनचा मित्र होता. ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढा दिला तर चीनचे नुकसान होईल काय, हा प्रश्न नेतृत्वाला पडला. फेब्रुवारी १९४२ मध्ये चँग कै-शेक भारतात येऊन गेले. जूनमध्ये गांधीजींनी त्यांना पत्र लिहून भारताचा लढा चीनच्या विरोधात नसल्याची ग्वाही दिली. ८ ऑगस्टच्या 'छोडो भारत' ठरावातही चीन व रशिया यांच्या संरक्षणास बाधा येऊ नये, ही चिंता नमूद आहे.

ठरावातील हे शब्द आणि रस्त्यावरील घटना यांतील अंतर नंदुरबारच्या इतिहासात स्पष्ट दिसते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे पोलिसांच्या गोळीबारात बालहुतात्मा शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सहकारी लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा यांना हौतात्म्य आले. बरोबर तीन महिन्यांनी कोटणीसांचे चीनमध्ये निधन झाले. एक जण आपल्या गावच्या चौकात आणि दुसरा परक्या देशाच्या रणभूमीजवळ असे दोघेही एकाच राष्ट्रीय चळवळीच्या संस्कारातून घडले होते. मात्र घरची लढाई पेटल्यावर दूरच्या लढाईसाठी नवे पथक निघू शकले नाही. १९३८ मध्ये चीनकडे पथक पाठविणारे सुभाषबाबू १९४३ मध्ये स्वातंत्र्यासाठी जपानच्या साहाय्याने आझाद हिंद सेनेचे नेतृत्व करू लागले. यात केवळ विसंगती शोधणे एकांगी ठरेल. पराधीन राष्ट्राच्या ऐक्यभावावर स्वतःच्या मुक्तीचा प्रश्न सतत वरचढ ठरतो, याचा हा दाखला आहे.

काही तुलना

चीन पथकाला पूर्वपरंपरा होती. १९१२ च्या बाल्कन युद्धात डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली वैद्यकीय पथक तुर्कस्तानला गेले होते. त्यामागे खिलाफतीविषयीचा धार्मिक जिव्हाळा होता. पद्धत तीच, परंतु नाते वेगळे. १९३८ च्या पथकाने धर्माचे नाते नसतानाही ती पद्धत यशस्वी करून दाखविली.

पोलंडचे उदाहरण याहून निराळे आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये राष्ट्रीय सभेने नाझी आक्रमणाचा निषेध केला, परंतु पोलंडसाठी तशी मोहीम उभी राहिली नाही. पोलंडची बाजू ब्रिटनने घेतलेली होती व ब्रिटनने भारताला न विचारता युद्धात ओढले होते. पुढे १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ही व्यवस्था शासकीय होती. तरीही बाजारहाट व शेजार यांतून जिव्हाळा निर्माण झाला आणि पुढील पिढ्यांपर्यंत टिकला.

१९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. तेव्हा शासनाने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट सक्तीचे केले. स्वेच्छेच्या वर्गणीची जागा येथे कराने घेतली. यातून निधी निश्चितपणे जमला व प्रत्येक नागरिक, नकळत का होईना, सहभागी झाला. मात्र कर देणारा आणि वर्गणी देणारा यांच्या मनोभूमिकेत फरक राहतोच.

स्मृतीचा प्रश्न

१९४४ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीसांवर पुस्तक लिहिले आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यावर 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. बावीस हजार रुपयांची मोहीम लोक विसरले; एका माणसाचे चरित्र मात्र लक्षात राहिले. १९६२ च्या युद्धात चीन शत्रुराष्ट्र ठरले. तरीही कोटणीसांविषयीचा आदर दोन्ही देशांत टिकून राहिला. चीनने १९८२ मध्ये व भारताने १९९३ मध्ये त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले; सोलापूर येथे २०१२ मध्ये त्यांचे स्मारक खुले झाले. राष्ट्रांचे संबंध हितानुसार बदलतात. रुग्णाच्या उशाशी केलेली सेवा मात्र त्या हिशेबात मावत नाही. याच कारणाने अशी स्मृती राजनैतिक सोयीसाठी वापरली जाण्याचा धोकाही असतो, याचे भान अभ्यासकाने ठेवले पाहिजे.

निष्कर्ष

१. दुःखाची वार्ता ही ऐक्यभावाची केवळ पूर्वअट आहे. परक्या देशाच्या लढ्यात आपल्या लढ्याचे प्रतिबिंब दिसले, तरच ती मनाला भिडते. चीन व पोलंड यांच्या बाबतीतील फरक यातूनच स्पष्ट होतो.

२. सहानुभूतीला निश्चित, मोजता येणारे व परिचित कार्य मिळाले, तरच ती टिकते. चू तेह यांचे पत्र, निधी दिन व पाच डॉक्टर ही त्याची उदाहरणे होत.

३. आर्थिक हितसंबंध ऐक्यभावाची मर्यादा ठरवितात. वर्गणी यशस्वी झाली. कापूस उत्पादकाच्या पोटाला चिमटा घेणारा बहिष्कार व्यापार थांबवू शकला नाही.

४. ऐक्यभावाचा भूगोल हा दळणवळणाचा व भाषेचा भूगोल असतो. तापीकाठचा लोहमार्ग आणि सातपुड्याच्या वाड्या यांमधील अंतर मैलांपेक्षा भाषेचे व साधनांचे अधिक होते.

५. स्वदेशातील संघर्ष तीव्र झाल्यावर परदेशाविषयीचा ऐक्यभाव मागे पडतो, परंतु नष्ट होत नाही. व्यक्तीच्या सेवेच्या रूपाने तो पुढे चालू राहतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये व ऑक्टोबर २०२३ नंतर गाझामध्ये भडकलेल्या युद्धांची दृश्ये क्षणार्धात विद्यार्थ्यांच्या हाती पोहोचली. १९३८ मध्ये वार्ता उशिरा येत होती, पण तिच्यामागोमाग काम येत होते. आज वार्ता तत्काळ येते. तिला कामाची जोड मिळेलच असे नाही. महाविद्यालयांतून जागतिक घडामोडींची चर्चा होते तेव्हा कोणाची बाजू घ्यावी या प्रश्नाबरोबरच, घेतलेल्या बाजूसाठी नेमके काय करता येईल आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागेल, हे प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवले गेले पाहिजेत. फैजपूर व हरिपुरा यांच्या मध्ये वसलेल्या नंदुरबारच्या इतिहासात या प्रश्नांसाठी पुरेशी सामग्री आहे.